कोण राहिलंय का अजून?

कोल्हापूर आणि कॅमेरा म्हटलं की बोलणं हमखास सिनेमावर जातं. जाणारच. सिनेमाचा कॅमेरा घरीच घडवायचा ध्यास आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी याच गावात घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. १९२९ साली ‘प्रभात’ इथंच सुरू झाली. खरी कॉर्नरला तर कॅमेऱ्याचा स्तंभच उभा आहे. या सगळ्यावर भरपूर लिहून झालंय. पण याच पेठांमधून आणखी एक कॅमेरा फिरत आलाय. त्याच्यापुढं नट-नट्या आल्या नाहीत. शिवाजी पेठेतली नवरी, कागलकडून आलेलं वऱ्हाड, गंगावेशीतलं बारसं, पासपोर्टच्या फोटोसाठी आयुष्यात पहिल्यांदा स्टुलावर बसलेली आजी, अशी माणसं आली. हे पुस्तक त्या कॅमेऱ्यावर आणि तो गळ्यात अडकवून हयात काढणाऱ्या माणसावर आहे.

लग्नातल्या फोटोग्राफरबद्दल आपलं मत फारसं बरं नसतं. तो मध्येच उभा राहतो, त्याच्या पाठीमुळं लग्न दिसत नाही, भटजींना थांबवतो आणि पंगत उठली की उरलेल्यांत जेवतो. त्याला कलावंत म्हणायचं की कारागीर, असा वाद घालणारेही भेटतात. मला तो वाद बिनकामाचा वाटतो. या माणसाचं खरं काम काय, ते त्याच्याच तोंडी असलेल्या एका प्रश्नात आहे. ग्रुप उभा राहतो, मुलं खाली बसतात, बटणावर बोट जातं आणि तो विचारतो, “कोण राहिलंय का अजून?” कुणी राहू नये, ही या धंद्याची पहिली अट. या धंद्याचं मोठेपण आणि त्याच्या चुका, दोन्ही याच अटीवर तपासाव्यात असं माझं म्हणणं आहे.

सुरुवातीला लोक कॅमेऱ्यापुढं यायलाच तयार नव्हते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी शिकलेली मंडळी त्या नादाला लागली. पण मुंबईची हौस गावोगाव पोचायला फार काळ गेला. धुंडिराज गोविंद फाळके सिनेमात पडण्याआधी गोध्र्याला फोटोचा धंदा करत. कॅमेरा माणसाचं आयुष्य ओढून घेतो, ही समजूत त्यांच्या धंद्याच्या आड आली. कोल्हापूरचं वेगळेपण असं की कॅमेरा इथं चित्रकारांच्या गावात आला. आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार इथल्या दरबारात होता आणि नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे हातही इथलेच होते. नाटकाचा पडदा रंगवणं आणि स्टुडिओचा पडदा रंगवणं ही एकाच विद्येची दोन कामं. बागेतला जिना, संगमरवरी खांब, मागं तळं आणि त्यापुढं ताठ बसलेला, फेटा बांधलेला शेतकरी. स्टुडिओत कोट आणि टाय खिळ्याला टांगलेले असत, कंगवा आणि पावडरचा डबा आरशापुढं असे. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं ‘टचिंग’ करून देवीचे वण बुजवले जात. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ओठ आणि साडी हातानं रंगवून दिली जाई. फोटो खरा असावा अशी कुणाची मागणी नव्हती. चारचौघांत बरं दिसावं, एवढीच होती.

मग फोटोग्राफर स्टुडिओतून मांडवात आला. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो बसत. हौशी माणसाकडं आग्फा क्लिक थ्री असे, धंदेवाल्याकडं याशिका मॅट, फारच जोरात असला तर रोलायफ्लेक्स. धंदेवाल्यांचे हे कॅमेरे पोटाशी धरून, वरून काचेत बघून फोटो काढायचे. चार रोल म्हणजे ४८ फोटो, आणि एवढ्यात हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं बसवायचं. पुढं ३५ मिलिमीटरचा ३६ फोटोंचा रोल आला तेव्हा हात थोडा सैल झाला, तरी बटण दाबण्याआधी मनात हिशेब चालूच असे. हा हिशेब जुन्या अल्बममध्ये दिसतो. एकाच प्रसंगाचे दोन फोटो सापडत नाहीत आणि एकही महत्त्वाचा माणूस सुटलेला नसतो.

रात्री लग्नघर झोपलं की याची दुसरी पाळी. लाल दिव्याच्या खोलीत डेव्हलपर, मग साधं पाणी, मग हायपो आणि शेवटी वाहत्या पाण्यात बराच वेळ धुणं. हायपो कागदात राहिला तर फोटो काही वर्षांनी पिवळा पडतो. एखाद्या घरातला अल्बम अकालीच पिवळा दिसला, तर दाट तिथीच्या दिवसांत पोऱ्यानं धुण्यात घाई केली असावी, असा अंदाज बांधायला हरकत नाही. पुढं रंगीत फोटो आले आणि त्यांनी वेगळाच दगा दिला. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर थर आधी विरतो, म्हणून १९७०-८० च्या दशकांतली कितीतरी लग्नं आज लालसर दिसतात. त्यांच्या आई-वडिलांचे काळे-पांढरे फोटो मात्र अजून खणखणीत आहेत.

सगळ्यात कसोटीची वेळ हार घालण्याची. मंगलाष्टकांचा शेवट जवळ आला की फोटोग्राफर भटजींच्या खांद्यामागं स्टुलावर चढलेला असतो. एका हाताचा तळवा लेन्सच्या वर आडवा, कारण अक्षतांचे तांदूळ नेमके तिथंच येतात. अंतरपाट खाली जातो, वाजंत्री एकदम सुटते, मांडवातले सगळे हात वर होतात. मित्र नवऱ्याला उचलतात, लगोलग मामा भाचीला उचलतो. हार गळ्यात पडायला दोन-तीन सेकंद. जुना फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला त्याहून जास्त वेळ घेई. त्याची बारीक शीळ थांबून तांबडा दिवा लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. म्हणून आरोळी येई, “हार तसाच धरा! इकडं बघा!” जुन्या अल्बममधले नवरा-नवरी हार हवेत धरून गोठल्यासारखे दिसतात आणि आपण म्हणतो, किती लाजायचे बघा. ते लाजत नसत, फ्लॅश भरायची वाट बघत असत.

हे सगळं हातचं कौशल्य झालं. त्याहून अवघड आहे ते माणसं ओळखणं. कोल्हापूरच्या आसपास काम करणाऱ्याला एकाच आठवड्यात मराठ्यांचं लग्न, जैनांचं लग्न, लिंगायतांचं लग्न आणि निकाह करावा लागतो. बौद्ध लग्नात वधू-वर पांढऱ्या कपड्यांत बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढं उभे राहतात. निकाहात काझींपुढची सही महत्त्वाची. सत्यशोधक लग्नात भटजीच नसतो, तिथं शपथेचा क्षण पकडायचा. कुठं पुढं जायचं, कुठं चपला काढायच्या, कुठल्या क्षणी फ्लॅश मारला तर म्हातारी माणसं रागावतील, हे कुठल्या पुस्तकात नाही. उमेदवारी करतानाच ते अंगी लागतं.

त्यावर पुन्हा मानपान. स्टेजवर नवरीकडचे आधी की नवऱ्याकडचे, मामाला कुठं उभं करायचं, विहिणींत थोरली कोण, हे चुकलं तर खापर फोटोग्राफरवर. म्हणून शहाणा फोटोग्राफर मांडवात शिरताच एक माणूस हेरतो. बहुतेक वेळा तो नवरीचा चुलता असतो, हातात पानसुपारीची पिशवी, डोक्यात सगळी नाती. तो खालून ओरडत असतो, “धाकट्या आत्याबाई कुठायत? त्यांना आधी बोलवा, मग फोटो. नायतर वरीसभर ऐकून घ्यायला लागंल.” आणि रुसून कोपऱ्यात बसलेला पावणा फोटोग्राफरच्या एका हाकेवर उठून येतो, कारण त्या हाकेत कुठल्याच बाजूची हार नसते. त्या एका फोटोनं मिटलेली भांडणं कुठल्या अल्बमात लिहिलेली नसतात.

सगळ्यात कंटाळवाणे फोटो आहेराचे. नवरा-नवरी तीच, हसू तेच, पाकीट देणारा तेवढा बदलतो. नव्या जोडप्याला ही पानं भराभर उलटायची असतात. पण वीस-तीस वर्षं गेली की घरातली माणसं नेमकी त्याच पानांवर थांबतात. गावाकडचा सालगडी, दूधवाला, शाळेतले गुरुजी, मिलमधला सोबती, वडिलांचा तालमीतला मित्र, ज्यांचा दुसरा एकही फोटो कुठं नाही अशी माणसं तिथं रांगेत उभी असतात. हार घालतानाचा देखणा फोटो ज्याच्या त्याच्या घरी असतो. आहेराच्या रांगेतले हे फोटो म्हणजे एका घराभोवतीच्या गावाची खानेसुमारी, आणि ती मोबदल्याची जास्त अपेक्षा न ठेवता या माणसानं करून ठेवली.

पण याच कसोटीवर धंद्याचं उणंही दाखवायला हवं. “कोण राहिलंय का” असं विचारलं जाई तेव्हा काही माणसं धरलेलीच नसत. विधवा आई, विधवा काकू मांडवाच्या खांबाआड उभी राही. पोरीचं कन्यादान दुसऱ्याच जोडप्यानं केलेलं असे आणि स्टेजवर तिला कुणी बोलावत नसे. जिनं लग्नाचा खर्च केला ती बाई अख्ख्या अल्बममध्ये एखाद्या फोटोत, तीही कडेला, अर्धी कापलेली सापडते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवांच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं सगळं एका दिवसात बदलत नाही. पण मांडवात मोठ्यानं हाक मारायचा हक्क असलेली जी मोजकी माणसं असतात, त्यांत फोटोग्राफर एक आहे. “आईंना मध्ये घ्या” असं तो म्हणाला तर त्याला सहसा कुणी अडवत नाही. मागच्या पिढीतल्या बहुतेकांनी ते म्हटलं नाही, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

या धंद्याचं पोट पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू, चातुर्मास लागला की बंद. दाट तिथीला एका माणसाकडं चार ऑर्डरी येतात, तेव्हा तो दुसऱ्या स्टुडिओतला माणूस रोजानं लावतो आणि मनातून धास्तावलेला असतो, कारण त्याचं चुकलं तरी नाव याचंच जाणार. ॲडव्हान्स घेतलेला असतो, उरलेली रक्कम अल्बम नेताना मिळायची असते, आणि अल्बम न्यायला लोक महिनोन्‌महिने येत नाहीत. काही अल्बम कधीच नेले जात नाहीत. का नेले नाहीत ते फोटोग्राफरला कळतं, पण तो बाहेर बोलत नाही. पावसाळ्यात मग शाळेचे ग्रुप, ओळखपत्रं, गणपती, पिकाच्या नुकसानीचे फोटो, वाढदिवसाच्या फ्लेक्सचं डिझाइन. रात्री-अपरात्री हाक येते ती मयताच्या घरून. ज्याच्या लग्नात आपण स्टुलावर चढलो त्याचाच फोटो हार घालण्यासाठी मोठा करून द्यायचा, जुन्या ग्रुपमधून चेहरा कापून काढून, मागचा मांडव पुसून. या कामाचे पैसे मागताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

कोर्टातही त्याला जावं लागतं. लग्न झालंच नाही असं एक बाजू म्हणाली की दुसरी बाजू अल्बम पुढं करते. मग फोटोग्राफरला साक्षीला बोलावलं जाई आणि निगेटिव्ह कुठं आहे, हा पहिला प्रश्न विचारला जाई. निगेटिव्ह स्टुडिओत ठेवायची रीत होती, त्यामुळं ती आपलीच असं फोटोग्राफर मानत आला. १९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र वेगळं सांगतो. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. म्हणजे कपाटातल्या निगेटिव्हच्या डब्यांवर दोघांचाही जीव आहे, एकाचा मेहनतीनं आणि दुसऱ्याचा कायद्यानं.

१९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घरोघर आले आणि लग्नात शूटिंग सुरू झालं. हॅलोजनचा दिवा घेऊन वायर सांभाळत पळणारा पोरगा, त्या उजेडात घामाघूम झालेली नवरी, आणि मिक्सिंगमध्ये कमळाच्या फुलातून उमलणारे दोघांचे चेहरे. तीन तासांच्या त्या कॅसेटींना आता बुरशी लागलीय आणि त्या लावायचं यंत्रही घरात उरलेलं नाही. मग डिजिटल कॅमेरा, करिझ्मा अल्बम, ड्रोन आणि कँडिड. आता लग्नाआधी पन्हाळ्यावर, रंकाळ्यावर, खिद्रापूरच्या देवळाच्या आवारात प्री-वेडिंग होतं. कोडॅकसारखी कंपनी २०१२ साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली, तिथं पेठेतल्या डार्करूमचं काय! बऱ्याच स्टुडिओवाल्यांनी चाळिशी-पन्नाशीत माउस धरायला शिकून घेतलं. ज्यांना जमलं नाही त्यांनी शटर ओढलं. नव्या मुलांचं काम देखणं आहे, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. आता मुलीही या धंद्यात आल्या आहेत, आणि नवरीच्या खोलीतली जी लगबग पूर्वी कधी फोटोत आली नाही ती त्यांच्यामुळं येऊ लागलीय. खोट आहे ती वेगळीच. नवा अल्बम उलटावा तर पानापानावर दोघंच. हजारो फोटो निघतात, पण आहेराची रांग “बोअर होतं” म्हणून गाळली जाते आणि धाकट्या आत्याबाई कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहतात. तो मोबाइल बिघडला की आत्याबाईही गेल्या.

कोरोनानं या धंद्याचे दोन उन्हाळे नेले. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली. अख्खं वऱ्हाड एका फोटोत मावलं. तेव्हा घराघरांत जी यादी कापली गेली, ती कापताना लोकांना जुन्या अल्बमची किंमत कळली असावी.

पंचगंगेनं तर दोनदा धडा दिला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. भांडी धुऊन निघतात, गादी उन्हात टाकता येते, पण भिजलेला अल्बम एक ठोकळा होऊन बसतो. असे फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नयेत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्यावेत आणि सावलीत, तोंड वर करून वाळवावेत. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो खरवडू नये; आधी काचेसकट त्याचा फोटो काढून घ्यावा. एवढं माहीत असतं तरी पुष्कळ घरांचे आजी-आजोबा वाचले असते.

पुरापेक्षाही मोठं नुकसान चुपचाप होतं. स्टुडिओ बंद होतो, मुलगा दुसऱ्या धंद्यात जातो आणि निगेटिव्हचे डबे भंगारात जातात. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात हेबर स्प्रिंग्ज नावाच्या लहानशा गावात डिसफार्मर नावाचा फोटोग्राफर होता. तो १९५९ साली वारला; त्याच्या काचेच्या निगेटिव्ह एका माणसानं किरकोळ किमतीत उचलल्या म्हणून वाचल्या, आणि आज ते फोटो संग्रहालयांत आहेत. आफ्रिकेत मालीच्या बामाको शहरात साधा स्टुडिओ चालवणाऱ्या मलिक सिदिबे यांना २००७ साली व्हेनिसच्या कला-बिएनालेत सुवर्णसिंह हा सन्मान मिळाला. लांब कशाला, तामिळनाडूतल्या जुन्या स्टुडिओंचे फोटो गोळा करून जपण्याचं काम पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या आधारानं झालं आणि त्याला ब्रिटिश लायब्ररीनं मदत केली. कोल्हापुरातल्या डब्यांमध्ये याहून कमी काही नाही. ते उघडणारे हात हवेत. विद्यापीठ आहे, कला महाविद्यालयं आहेत, तालमी आणि मंडळं आहेत. एखाद्या मंडळानं एका वर्षीचा डॉल्बीचा खर्च वाचवला तरी एका पेठेच्या निगेटिव्ह स्कॅन होतील.

वाचकांना एवढंच सांगणं आहे की हे पुस्तक मिटल्यावर घरातला एक अल्बम खाली काढा. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोतली नावं लिहून घ्या: नाव, नातं, गाव, साल. ज्यांना कुणीच ओळखत नाही त्यांच्यापुढं प्रश्नचिन्ह टाका आणि तो फोटो मामांकडं, आत्यांकडं पाठवा. लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, मागच्या बाजूला, कडेला. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढून उमटतो. कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. आणि तुमच्या लग्नाचा फोटोग्राफर अजून असेल, तर त्याच्याकडं जाऊन निगेटिव्हची चौकशी करा. जाताना मागची बाकी राहिली असेल तर तीही देऊन टाका.